रत्नाची चोरओटी

शिवऱ्याजवळ हायवेला चुलीवरच्या जेवणाचं एक हॉटेल आहे. पुण्याच्या गाड्या तिथं थांबतात, माणसं बाजेवर बसून फोटो काढतात आणि चुलीपाशी बसलेल्या बाईकडं बोट दाखवून पोरांना सांगतात, “बघ, गावाकडची खरी भाकरी!” ती बाई म्हणजे आमची रत्ना. कामथडीच्या कुंडलिकमामांची सून, इंद्रजितची बायको. वय छत्तीस. रोजच्या दीडदोनशे भाकऱ्या एकटी थापते, आणि रविवारी किती ते तिचं तिलाच ठाऊक नसतं.

हीच रत्ना महिन्यातले चार दिवस घरच्या चुलीला शिवत नसे. कावळा शिवला की पडवीत वेगळी सतरंजी, वेगळं ताट, आणि प्यायचं पाणीसुद्धा सासूनं, म्हणजे ठकुकाकींनी, वरून ओतायचं. दहा वाजले की पडवीतून उठून ती वडापच्या जीपमध्ये बसायची आणि शिवऱ्याला जाऊन अख्ख्या हायवेला भाकरी घालायची. एकदा ह्याच चार दिवसांत कुंडलिकमामा कुणा पाहुण्याबरोबर त्या हॉटेलात मागच्या बाजूला बसून जेवले, तीन भाकऱ्या हाणल्या आणि घरी येऊन म्हणाले, “चव हाय बरं का तितल्या भाकरीला.” रत्ना पडवीत बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिनं मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी हसून हसून लोळायच्या बाकी होतो. हसता हसता ती वाकली आणि वर आलीच नाही. ओठ पांढरे पडले. माझ्या उंबऱ्याला धरून ती दहा मिनिटं तशीच राहिली.

मी अश्विनी. गावची आशा. घरोघर फिरायचं, गरोदर बायकांची नावं नोंदवायची, लसीचे दिवस सांगायचे, तांबी बसवायची असेल तर बाईला दवाखान्यात न्यायचं, ही माझी कामं. तोंडाची मी फटकळ आहे, ते गावाला माहीत आहे आणि मलाही. म्हणून आधी माझंच सांगते. रत्नाची पोरगी शेफाली चार वर्षांची होती तेव्हा रत्ना पहिल्यांदा माझ्याकडं दुखणं घेऊन आली होती. मी तिला दोन गोळ्या दिल्या आणि म्हटलं, “अगं, समद्याच बायकांना दुखतं. दुसरं मूल होऊ दे, आपोआप थांबेल.” असं मी बोलले. आशाचं प्रशिक्षण घेतलेली मी. आठवलं की आजही स्वतःचाच राग येतो.

दुसरं मूल काही झालं नाही आणि दुखणं वाढत गेलं. पाळीच्या आधी दोन दिवस कंबर धरायची. मग ओटीपोटात असं पिळायचं की ती लुगड्याची चिंधी आवळून बांधायची आणि तशीच चुलीपुढं बसायची. संडासला बसायची भीती, नवऱ्याजवळ जायची भीती. पुढंपुढं पाळी नसतानाही दुखायला लागलं. नऊ वर्षं हे चाललं. घरात मात्र एकच तक्रार होती, की रत्नाला दुसरं होत नाही. तिला काय होतंय हे कुणी विचारत नव्हतं.

गेल्या वर्षी पितृपक्षात ती हॉटेलातच पडली. पिठाच्या परातीवर तोंड आपटलं. तिच्या जोडीला काम करणाऱ्या धोंडाबाईनं मला फोन केला आणि मी इंद्रजितला. त्याचा भाजीचा टेम्पो असतो, त्याच टेम्पोतून तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली, आणखी एक तपासणी झाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं, की गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असतं तसंच अस्तर हिच्या पिशवीच्या बाहेरही वाढलंय. शेतातलं तण बांध ओलांडून भलतीकडं उगवावं तसं. दर महिन्याला तेही सुजतं, रक्त टाकतं, आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही. एंडोमेट्रिओसिस असं त्याचं नाव. मी ते दहा वेळा घोकलं तेव्हा जिभेवर बसलं.

“हे दुखणं मनाचं नाही,” बाई रत्नाला म्हणाल्या. “खरं आहे, आणि खूप आहे.” एवढं ऐकलं आणि रत्ना त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडली. नऊ वर्षांत तिच्या दुखण्याला खरं म्हणणारं पहिलं माणूस तिला भेटलं होतं.

आधी रोजच्या गोळ्या दिल्या. त्यांनी तिचं डोकं उठायचं, उलट्या व्हायच्या. मग दिवाळी झाल्यावर बाईंनी दुसरा उपाय सांगितला. गर्भपिशवीत एक इवलंसं साधन बसवायचं. दिसायला तांबीसारखंच, पण तांबं नसलेलं. त्यातून थोडं थोडं औषध सुटत राहतं, अस्तर पातळ होतं, रक्त कमी जातं आणि दुखणं उतरतं. आपल्या नेहमीच्या तांबीनं उलट अंगावर जास्त जातं, ती हिला चालणार नव्हती. काही वर्षं हे साधन काम करतं. आजार मुळापासून जात नाही, पण आवाक्यात राहतो. मूल हवं असेल तेव्हा काढता येतं.

“मूल हवंय का आत्ता?” बाईंनी दोघांना विचारलं. इंद्रजित वरच्या पंख्याकडं बघत राहिला. रत्ना म्हणाली, “बाई, मला एक दिवस न दुखता हुबं ऱ्हायचंय.” बसवताना तिनं माझा हात असा दाबला की माझी पाटली वाकली. परत येताना इंद्रजित म्हणाला, “आईला म्या सांगतो. बरोबर वेळ बघून.” ती बरोबर वेळ काही आली नाही. रत्नाच्या पोटात औषध आणि इंद्रजितच्या पोटात गुपित. त्यानं ते असं धरून ठेवलं की विचारू नका.

बाईंनी आधीच सांगितलं होतं की पहिले तीनसहा महिने अधूनमधून डाग पडतील, घाबरायचं नाही. पण सांगणं वेगळं आणि रोज सकाळी कपडा बघणं वेगळं. रत्नाचे मला रोज मोबाईलवर बोलून पाठवलेले निरोप यायचे. “ताई, आज परत ठिपका.” “ताई, सरकली तर नसंल?” “ताई, तांबीचा दोरा बोटाला लागतोय का न्हाई कळंना.” धोंडाबाईनं तिला सांगून ठेवलं होतं की पाळी तुंबली की रक्त डोक्यात चढतं, बाई वेडी होते. तेव्हापासून तिला रात्री डोकं गरम लागायचं. मी पुण्याला फोन करून विचारायची, बाई सांगायच्या की आत काही साठत नाही, अस्तरच तयार होत नाही तर येणार काय? ते मी रत्नाला सांगायची. तिला दोन दिवस पटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा निरोप. बसली की उठायची, उठली की मोरीत जायची.

त्यातच मार्गशीर्ष लागला. घरात गुरुवारची लक्ष्मी मांडायची ती रत्नानंच. आणि डाग तर रोजचाच, चहाच्या थेंबाएवढा. बाहेर बसावं तर अख्खा महिना पडवीत काढावा लागला असता आणि सासूनं विचारलं असतं, हे काय? न बसावं तर तशा अंगानं कलश मांडायचा. पहिल्या गुरुवारी पहाटे ती माझ्या दारात उभी, दात वाजत होते.

“ताई, काय करू?”

“तुझं तू ठरव बाई. मी डागाचं सांगू शकते, देवीचं नाही.”

“पाळी न्हाईच ना ही?”

“न्हाई. औषधाचा डाग आहे.”

ती गेली आणि तिनं कलश मांडला. चारही गुरुवार केले. नैवेद्य दाखवला, बायकांना हळदीकुंकू लावलं, आणि दर गुरुवारी संध्याकाळी मला निरोप, “अजून तर काय झालं न्हाई, ताई.” जणू काहीतरी होणार आहे आणि आपण फक्त वाट बघतोय. एकदा का बाहेर बसायचं सोडलं, ते सोडलंच. पौषातही ती पडवीत बसली नाही.

आणि पौषातच कधीतरी ते झालं. दुपारी हॉटेलातून तिचा फोन आला, आवाज कापत होता, मला वाटलं पडली परत. “ताई, आत्ता भाकऱ्या झाल्या आन म्या उठले. भिंत न धरता उठले. ताई, कायच दुखलं न्हाई.” मी रस्त्यात होते. तिथंच एका बांधावर बसले आणि रडले, सांगायला लाज कसली.

ती जेवायला लागली. गालावर जरा मांस धरलं. शेफालीच्या केसांत तेल घालताना हसायला लागली. आम्ही दोघी मूर्ख, आम्हाला वाटलं आता निभावलं. आमच्या ध्यानातच आलं नाही की घरात एक माणूस हे सगळं बघतंय आणि बोटं मोजतंय.

माघात एका सकाळी ठकुकाकी माझ्या दारात आल्या, हातात पेढ्यांचा पुडा. “मोबाईल काढ,” त्या म्हणाल्या. “आमच्या रत्नीचं नाव नोंदीव.”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

“मार्गेसर गेला, पूस गेला, एकदाबी भाईर बसली न्हाई. त्वांडावर त्येज बघ कसं आलंया. आन जेवतीया किती! तिसरा म्हैना लागला.”

“काकी, आधी तपासायला पाहिजे...”

“तपासनी कसली? पाच बाळातपनं काढली म्या. सुक्कीरवारी चोरओटी भरायची हाय. तू ये. कुनाला बोलू नगंस.”

चोरओटी म्हणजे तिसऱ्या महिन्यात गुपचूप, घरातल्या घरात भरायची ओटी. नसरापूरच्या बाजारातल्या खणवाल्यापासून आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना ही गुपचूप ओटी ठाऊक झाली होती. मी काकींना काही बोलू शकले नाही. बाईनं विश्वासानं सांगितलेलं मी तिच्या सासूपुढं कसं उघडं करू? पेढा तोंडात फिरत राहिला.

इंद्रजितला फोन केला. “ताई, वाईच थांबा, वेळ बघून...” मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. रत्नाला गाठलं तेव्हा ती चुलीपुढं होती. हातातली भाकरी तव्यावर टाकून तिनं विचारलं, “काढाया लावत्याल का ओ?” दुसरं काहीच विचारलं नाही. तिची सगळी भीती तेवढीच होती. मलाही तीच होती. घर एकीकडं झालं की बाईचं पोट कुणाचं असतं ते मी पंधरा वर्षं बघतेय.

शुक्रवारी पाट मांडला होता. ताटात हिरवा खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. शेजारच्या दोघी आल्या होत्या. इंद्रजित दारात मोबाईल बघत उभा. शेफाली, आता तेरा वर्षांची, पडवीत सतरंजीवर बसली होती, कारण त्या दिवशी ती बाहेरची होती. तिचं सहा महिन्यांपूर्वीच सुरू झालं होतं.

रत्ना पाटावर बसली. काकींनी ओंजळ भरली. “पदर पसर की गं.”

रत्नानं पदर कमरेला घट्ट खोचला. “आत्या, पोटात काय न्हाई.”

“म्हंजी?”

“मूल न्हाई. तांबी हाय. औषदाची. दिवाळी झाल्यावर बसवली.”

काकींच्या ओंजळीतले तांदूळ ताटात पडले. शेजारच्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मग काकींचा जो तोंडाचा पट्टा सुटला! आम्हाला येडं बनवलं, गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही, माझ्या नातवाच्या वाटंत धोंडा घातला. मग मोर्चा माझ्याकडं. “आन तू गं! पेढा खाल्लास माजा!” तो पेढा मला तेव्हाही गिळवला नव्हता आणि आजही गिळवत नाही. एकदम त्यांना काहीतरी सुचलं आणि आवाज खाली आला.

“मंग भाईर का बसली न्हाईस? डाग पडत हुता?”

“व्हय.”

“गुरवारीबी?”

“व्हय, आत्या.”

मला वाटलं आता ही बाई ताट उचलून हाणते. काकी नुसत्या भिंतीला टेकल्या. मग इंद्रजितकडं वळल्या. “तुला ठावं हुतं?”

तो मोबाईलवरून वर बघत म्हणाला, “काढू की. उद्याच जाऊ, आई. त्यात काय एवढं.”

त्यात काय एवढं! माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात रत्नाच बोलली, सावकाश, पाटावर बसूनच. “पोट माजं हाय. तुमी कोन काढनार?”

“कोन म्हंजी?” काकी कडाडल्या. “ह्या घरात ऱ्हायाचं आसंल तर...”

तेवढ्यात पडवीतून आवाज आला. आधी कण्हल्यासारखा, मग स्पष्ट. “आये...”

शेफाली गुडघे पोटाशी घेऊन आडवी झाली होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले. आतलं सगळं तिनं ऐकलं होतं. रत्ना धावत गेली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. पोरीनं वर बघत विचारलं, “आये, मलाबी नऊ वरसं दुखंल का गं?”

इंद्रजितनं मोबाईल खिशात घातला.

ठकुकाकी उंबऱ्यापर्यंत आल्या. त्यापुढं नाही, नियम होता. तिथूनच बघत राहिल्या. ही पोर त्यांचा जीव की प्राण, शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर फाट्यावर जाऊन उभ्या राहतात. मग त्यांनी रत्नाला विचारलं, “तुला असंच दुखायचं?”

“ह्याच्याहून लई.”

“मंग बोलली का न्हाईस कदी?”

रत्नानं पोरीच्या कपाळावरचे केस मागं केले. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानंच मला जास्त लागलं. “बोलले हुते, आत्या. पैल्याच वरसाला. तुमी म्हनला, समद्याच बायकांना दुखतंय.”

तेच मी म्हणाले होते. शब्दाला शब्द. मी खाली बघितलं.

काकी आत गेल्या. शेजारच्या दोघी पायताणं घालून सटकल्या. थोड्या वेळानं काकींनी गरम पाण्याची पिशवी आणून, कुणाला हात न लावता, पडवीच्या कडेला ठेवली आणि पुन्हा आत गेल्या. खण ताटातच पडून होता. मी घरी आले. रात्रभर कूस बदलत होते. उद्या टेम्पो पुण्याला जाणार आणि रत्नाची नऊ वर्षं परत सुरू होणार, हेच डोळ्यापुढं.

सकाळी साडेनऊला काकी दारात. आत आल्या नाहीत, मीही बसा म्हटलं नाही.

“पोरीला कवा न्यायाची त्या डाक्टरनीकडं?”

“सोमवारी नेऊ.”

“तिलाबी तसलंच बसवत्यात का?”

“न्हाई ओ. लहान आहे ती. आधी तपासतील, गोळ्या देऊन बघतील. दुखतं म्हणजे तोच आजार असंल असंही नाही. पण बघायला पाहिजे. दुखतंय म्हणून सोडून द्यायचं नाही.”

काकींनी मान हलवली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत रस्त्याकडं बघत राहिल्या. मला राहवलं नाही. “आणि रत्नाची? इंद्रजित आजच काढायची म्हणत होता ना?”

“तिची ऱ्हाऊ दे आत,” काकी म्हणाल्या. “पोरीकडं बगाया कुनीतरी धड पायजे घरात.” आणि चालू लागल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी राग आला. नऊ वर्षं ती बाई परातीवर वाकून मरत होती, आणि आज परवानगी मिळाली तीही पोरीच्या कामाला येईल म्हणून! तरी म्हटलं, असो, मिळाली ना. चप्पल अडकवून मी हायवेच्या फाट्याकडं पळाले. रत्ना वडापच्या जीपमध्ये चढत होती, एक पाय आत, एक बाहेर, काखेत डबा. मी धापा टाकत तिला सांगितलं, “काकी म्हणाल्या, राहू दे. तुझी राहू दे आत.”

तिनं माझ्याकडं बघितलं, मग जीपचा दांडा धरून उरलेला पाय आत घेतला.

“ऱ्हाऊ दे म्हनल्या व्हय?” ती म्हणाली. “आन म्या काढनार कुठं हुते, ताई?”

जीपवाल्यानं दार लावलं आणि गाडी शिवऱ्याकडं निघाली.